आखूड चोचीची बदकं

खोली मिळाल्याचं सांगायला आमचे हे भोसरीहून आले, तेव्हा माझ्या हातात अंडं होतं आणि अंड्यात पिल्लू अडकलेलं होतं.

गणपतींचं नुकतंच विसर्जन झालं होतं. दुपारची वेळ. मी सोप्यात पाटावर बसले होते. समोर कोमट पाण्याची वाटी, कापूस, गोधडी शिवायची सुई आणि बाजूला बल्बखाली गवत घातलेली पाटी. पिल्लानं आदल्या दिवशी आतून कवचाला एक टवका पाडला होता आणि तिथंच त्याचं बळ सरलं होतं. मी त्या टवक्याच्या कडेनं कवचाचा कण न् कण काढत होते. आतल्या पापुद्र्याला ओला कापूस लावायचा आणि उजेडात बघायचं. त्यात रक्ताची बारीक रेघ दिसली की हात थांबवायचा. रेघ असताना ओढलं तर पिल्लू रक्त जाऊन मरतं. ती आपोआप सुकेपर्यंत दम धरावा लागतो.

ह्यांनी पिशवी खाली ठेवली आणि बोलायला तोंड उघडलं. मी मान वर न करताच म्हणाले, "जरा थांबा. उजेड अडतोय."

ते बाजूला सरले आणि चौकटीला टेकून उभे राहिले. बराच वेळ गेला. शेवटी कवचाचा वरचा भाग सुटला, पिल्लानं मान लांब केली आणि ओलं, चिकट अंग माझ्या तळहातावर पसरलं. मी ते पाटीत ठेवलं, हात पुसले आणि मग वर बघितलं. ह्यांच्या शर्टावर प्रवासातला घाम वाळून पांढऱ्या रेघा पडल्या होत्या. तोवर त्यांना कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

समोरच्या कट्ट्यावर माझे सासरे तंबाखू मळत बसले होते. मी त्यांना मामा म्हणत असे, गाव केरबातात्या म्हणायचं. ते एकदा लेकाकडं बघत होते, एकदा माझ्याकडं.

ह्यांनी सांगितलं ते चांगलंच होतं. बरोबरीचा एक कामगार गावी परत गेला होता, त्याची जागा ह्यांना मिळाली होती. वरच्या मजल्यावर, नळ आतच, खिडकीतून वारा येतो. आता सामान बांधायचं आणि जायचं एवढंच उरलं होतं. मी म्हणाले, छान झालं, पण आत्ता कशी येऊ, दोन कोंबड्या अजून अंड्यांवर बसल्यात, आणि दिवाळी झाली की मोठा हंगामच सुरू होणार.

"मागल्या साली बी हंगामच होता," हे म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. जेवले, थोडं पडले आणि संध्याकाळच्या एस्टीनं गेले.

वारणेकाठी आमची कुंभारआळी. मामांनी उभा जन्म माठ, रांजण, चुली घडवल्या, नंतर विटा भाजल्या. विटांसाठी माती काढून घरामागं मोठा डबरा पडला होता आणि त्यात बारा महिने पाणी असायचं. मी लग्न होऊन यायच्या कितीतरी आधी नदीजवळच्या माळावर एक सर्कस उतरली होती. तिला पाण्याचे रांजण मामांनी पुरवले. सर्कस उठताना तिथल्या विदूषकानं आपल्या खेळातली पांढऱ्या बदकांची जोडी मामांना देऊन टाकली. मादीच्या पायाला इजा झाली होती, पुढच्या प्रवासात ती टिकली नसती. साध्या गावठी बदकाच्या निम्मीसुद्धा नव्हती ती बदकं. गोल डोकं, आखूड चोच, डोळे टपोरे. आवाज मात्र असा की पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायकांनी मान वर करून बघावं.

मामा त्या जोडीच्या नादी लागले. मादीचा पाय त्यांनी बरा केला, अंडी खुडूक, म्हणजे उबवणीला बसलेल्या कोंबडीखाली ठेवली. दर हंगामाला पिल्लांमधली सगळ्यात बुटकी, सगळ्यात आखूड चोचीची निवडायची, त्यांचीच जोडी लावायची आणि बाकीची वाटून टाकायची. असं करत करत मी या घरात आले तोवर बदक ओंजळीत मावायला लागलं होतं. चोच म्हणजे जेमतेम चिंचोका. कोल्हापूर-सांगलीकडनं माणसं मुद्दाम वाट वाकडी करून बघायला यायची. मामा फारसे बोलायचे नाहीत, पण बदक हातात घेऊन त्याचं डोकं बोटानं कुरवाळत उभे राहिले की त्यांचा सगळा चेहरा बदलायचा. माठ घडवताना मी त्यांना पाहिलं होतं. तेव्हाही तो चेहरा असाच दिसायचा.

पण चोच आखूड झाली तशी पिल्लांना कवच फोडता येईना. टवका पाडायचा आणि तिथंच धापा टाकत राहायचं. मामांची बोटं मातीकामानं राठ झालेली, त्यांच्याच्यानं ते नाजूक काम होत नसे. सासूबाई होत्या तोवर त्या पिल्लं काढायच्या. त्या गेल्यावर दोन-तीन हंगाम निम्मी पिल्लं आतच गुदमरून मेली. मग मी आले. पहिल्याच वर्षी माझा हात बसला.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत ह्यांना भोसरीच्या कारखान्यात काम लागलं आणि ते तिकडं गेले. सणाला यायचे, दोन दिवस राहायचे, जायचे. मी घरी राहिले. माहेरी आम्ही पाच बहिणी, मी मधली. कुणी नावानं हाक मारून काही विचारावं असं माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. इथं मात्र लोक विचारायचे, शालन कुठाय? पिल्लू अडकलं की मामा स्वतः उठून मला शोधत यायचे. आळीतल्या बायका म्हणायच्या, म्हाताऱ्याला सोडून गेली नाही, केवढी गुणाची सून. मी हे सगळं ऐकून घ्यायचे. कधी अंडी असायची, कधी मामांचा गुडघा दुखायचा, कधी डबऱ्याच्या बाजूची जाळी फाटलेली असायची. न जायला कारण नेहमी सापडायचं आणि मला ते खरंच वाटायचं.

दिवाळीला मी भाऊबीजेसाठी माहेरी गेले. चार दिवस राहून परत आले, पिशवी सोप्यात टाकली आणि सवयीनं आधी मागं गेले. माद्या डबऱ्याच्या कडेला चरत होत्या. मी नरांना शोधायला लागले. खुराड्यात बघितलं, जाळीमागं बघितलं, बाभळीच्या सावलीत बघितलं. आमचे बुटके नर एकही नव्हते. त्यांच्या जागी एक करड्या रंगाचा गावठी नर माद्यांच्या मागं मागं हिंडत होता. कोवळा होता, अंगानं हलका होता, पण आमच्या माद्यांपुढं तोही दांडगाच दिसत होता.

मला वाटलं, जाळी तुटली, मांजरानं घात केला. धावत मामांकडं गेले. ते चाकाजवळ बसून तुडवून ठेवलेली माती बघत होते.

"मामा, आपलं नर कुठं गेलं?"

"दिलं."

"कुणाला?"

"मिरजंच्या दस्तगीर बागवानाला. त्याच्या बागंत हौद हाय, तिथं ऱ्हातील."

"सगळं?"

"सगळं."

मी विचारलं, मग आता जोड्या कशा लावायच्या. त्यांनी डबऱ्याकडं हात केला. तो नर त्यांनीच आणला होता, शेजारच्या हौसाक्काच्या घरनं, माद्यांना दुखापत होऊ नये म्हणून मुद्दाम हलका निवडून. म्हणजे चुकून झालेलं काही नव्हतं. आपल्या हातानं इतक्या वर्षांची निपज त्यांनी मोडली होती, आणि तीही मी घरात नसताना.

त्या दिवसानंतर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलायला लागले. ताट वाढायचे, पाणी ठेवायचे, पण तोंड बंद. हौसाक्का म्हणाल्या, म्हातारपणी डोकं फिरतं गं, तू मनाला लावून घेऊ नकोस. पण डोकं फिरलेल्या माणसासारखं ते वागत नव्हते. उलट मी अशी धुसफुसत असताना ते मुकाट्यानं जेवून उठायचे, आणि एकदा तर मला त्यांच्या डोळ्यात पाणी दिसलं असं वाटलं. तंबाखूचं असेल म्हणून मी मनावर घेतलं नाही.

मला एकच सुचत होतं. नर परत आणायचे. अजून वेळ गेलेली नव्हती. गावठी नर हाकलला, त्याच्यापासूनची अंडी बाजूला काढली आणि थोडे आठवडे थांबलं, तर सगळं पूर्वीसारखं सुरू झालं असतं. एका सकाळी मी मामांना न सांगता वेताची करंडी घेतली आणि मिरजेच्या एस्टीत बसले. तोवर मी एकटी कधी कुठं गेले नव्हते. माहेरी जायचं तरी भाऊ न्यायला यायचा. मिरजेत उतरले. पाच जणांना विचारत विचारत बागवानांची बाग शोधली.

दस्तगीर बागवान म्हणजे पांढऱ्या दाढीचा, सावकाश बोलणारा माणूस. फळांचा व्यापार होता, आमच्याकडं बदकं बघायला ते कितीदा आलेले. मला एकटीला दारात बघून त्यांना नवल वाटलं नाही. आधी बसवलं, घरातून पाणी आणि पेरूच्या फोडी मागवल्या. मग हौदाकडं घेऊन गेले. आमचे नर तिथं मजेत पोहत होते. त्यांची ती गोल डोकी मी लांबूनच ओळखली. मी करंडी पुढं केली आणि म्हणाले, चाचा, मामांनी घाईत दिलेत, मी परत न्यायला आलेय.

बागवान म्हणाले, "पोरी, केरबानं मला आधीच सांगून ठेवलंय. सून मागायला येईल, देऊ नका म्हणाला. शपथ घातलीय त्यानं मला."

मी विचारलं, का पण.

"ते मी विचारलं नाही. नर हातात देताना तो माझ्या समोर रडलाय. अशा माणसाला काय विचारायचं?" मग म्हणाले, "एवढं मात्र बोलला, की ती येईल तेव्हा एकटी येईल. मी म्हटलं, तुझी सून तर आळीच्या बाहेर पडत नाही. तर म्हणाला, बदकांसाठी पडंल."

त्यांनी मला एस्टीपर्यंत आणून सोडलं. रिकाम्या करंडीत पेरू घातले. परतीच्या वाटेवर मी रागानं जळत होते. माझ्या मनात काय येणार, मी काय करणार, हे आधी ओळखून त्यांनी वाट अडवून ठेवली होती. एवढं सगळं माझ्यापासून काढून घ्यावं असं मी काय केलं होतं, हेच मला कळत नव्हतं. घरी पोचले तेव्हा मामा दारातच उभे होते. करंडीकडं त्यांनी बघितलं, पण कुठं गेली होतीस हे विचारलं नाही. त्यातला एक पेरू मात्र उचलून घेतला.

पुढं अंडी यायला लागली. मी ठरवलं होतं, त्या अंड्यांना हात लावायचा नाही. मामांनीच ती गोळा केली, दिव्यासमोर धरून पारखली आणि हौसाक्काची खुडूक कोंबडी मागून आणून तिच्याखाली ठेवली. मी लांबून बघत होते. रोज सकाळी ते कोंबडीला दाणा-पाणी करायचे, तिला फिरायला सोडायचे, आणि तेवढ्या वेळात अंड्यांवर हात धरून ऊब बघायचे. या माणसानं सगळं मोडून टाकलंय, मग आता एवढी काळजी कशाची, असं मला वाटायचं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी कोंबडीखालून चिवचिव ऐकू आली. आपण हात लावायचा नाही हे मी त्याक्षणी विसरले. पाणी कोमट केलं, वाटी घेतली, कापूस घेतला, सुई घेतली आणि खुराड्यापाशी गेले. मामा तिथं आधीच बसले होते. त्यांनी माझ्या हातातली वाटी काढून घेतली आणि आपल्या पलीकडं ठेवली.

"हितं बस. नुसतं बघ," ते म्हणाले.

कोंबडीला त्यांनी जरा बाजूला सरकवलं होतं. एका अंड्याला टवका पडला होता. मी त्यावरची नजर काढली नाही. आता थांबेल, आता दमेल असं मला वाटत राहिलं. माझी बोटं आपोआप चाळवत होती, मी ती पदरात गुंडाळून धरली. पिल्लू थांबलं. मी मामांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. मग आतून पुन्हा ठोका आला आणि टवक्याशेजारी दुसरा पडला, मग तिसरा. पिल्लू आतल्या आत फिरत फिरत कवच कापत चाललं होतं. इतकी वर्षं मी अंड्यातून पिल्लं काढली, पण असं कधी बघितलं नव्हतं. सगळीकडनं फिरून आल्यावर त्यानं पाय ताणले, वरचा भाग उचलला गेला आणि ते बाहेर पडलं. पिवळं, अंगावर करडे डाग, चोच चांगली लांब. धडपडत कोंबडीच्या पोटाखाली शिरलं. तिथंच आणखी एक अंडं तडकायला लागलं होतं.

मला रडू आलं. कशाचं ते तेव्हा सांगता आलं नसतं.

मग मामा बोलले. एवढं बोलताना मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं.

"आखूड चोच म्या केली. देवानं न्हवं. मला हौस हुती म्हनून पिल्लं अडकत गेली. आधी तुझी सासू त्यांच्यापायी हितं बांधून पडली. तिला एकदा काशीला जायचं हुतं, हंगाम सोडून जाईना. तशीच गेली. आता तू."

मी म्हणाले, मला कुणी बांधून ठेवलेलं नाही, मी माझ्या मनानं राहिलेय.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "म्हनून तर नर दिलं. जा म्हनलं असतं तर तू गेली नसतीस."

खुराड्यातून चिवचिव वाढत चालली होती. ह्यांना चौकटीला टेकून उभं केलं होतं ती दुपार मला आठवली. लग्नाला इतकी वर्षं होऊन ह्यांना चहात साखर किती लागते हे मला नीट माहीत नव्हतं. आमच्या एकेका मादीची खोड मात्र मी अंधारात आवाजावरून सांगितली असती. भोसरीला नळ आहे, वारा आहे, पण तिथं मला कुणी शोधत येणार नाही, तिथं गेल्यावर मी कोण, याची मला भीती वाटत होती. ही भीती मी कुणाजवळ बोलले नव्हते. मामांनी ती कधी ओळखली कोण जाणे.

शेवटचं म्हणून मी विचारलं, "आनि तुमाला कोन बघनार?"

"मी काय अंड्यात हाय व्हय?" मामा म्हणाले आणि गुडघ्यावर हात ठेवून उठले.

संक्रांत झाल्यावर मी भोसरीला गेले. न्यायला हे आले होते, पण ते आले नसते तर मी एकटीही गेले असते. सुरुवातीचे महिने अवघड गेले. दोन माणसांनी एका खोलीत राहायचं म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही नव्यानं शिकावं लागलं. हे लवकर उठून स्वतःचा चहा स्वतः करून घ्यायचे, सवयच पडली होती, आणि मी उठेपर्यंत भांडं विसळून पालथं घातलेलं असायचं. एका सकाळी मी त्यांच्या आधी उठले आणि साखर किती घालू म्हणून विचारलं. ते हसायला लागले. तिथून हळूहळू संसार सुरू झाला म्हणायचा. शेजारणी ओळखीच्या झाल्या. पुढं मी बालवाडीत मदतनीस म्हणून लागले आणि कितीतरी वर्षं ते काम केलं.

पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही दोघं गावी गेलो होतो. एस्टीतून उतरून आळीत शिरलो तर चार-पाच बदकं रस्त्याच्या मधोमध चालत होती. पांढऱ्यात करडी, मध्यम अंगाची, ना बुटकी ना दांडगी. मामांनी ज्यानं मागितली त्याला पिल्लं दिली होती. हौसाक्काच्या दारात होती, पिठाच्या गिरणीमागं होती, एक जोडी नदीवरच्या देवळाच्या पायऱ्यांवर उन्हात बसली होती. काही माद्या आता स्वतःच अंड्यांवर बसायला लागल्या होत्या. सांगली-कोल्हापूरकडनं मात्र आता कुणी बघायला येत नव्हतं. सर्कशीतल्या त्या बदकांसारखं एकही उरलं नव्हतं. जुन्यांपैकी एक म्हातारी मादी तेवढी होती.

मामा डबऱ्याच्या कडेला बसून भाताचा कोंडा भिजवत होते. हे आत पाणी प्यायला गेले. मी मामांच्या शेजारी बसले. बदकं पाण्यातून निघून आमच्याकडं येत होती, अंग झटकत, एकमेकांना ढकलत. ती म्हातारी बुटकी मादी सगळ्यांच्या मागं राहिली. मामांनी तिच्यासाठी मूठभर कोंडा वेगळा ठेवला होता.

मी विचारलं, "मामा, वाईट वाटतं का?"

त्यांनी मला फसवलं नाही.

"वाटतं की," ते म्हणाले. "रोज वाटतं." कोंड्याचा हात त्यांनी पाण्यात धुतला. मग विचारलं, "तुला?"

मी जरा विचार केला.

"कधी कधी."

"मग बरं हाय," मामा म्हणाले आणि म्हातारीला पुढं घ्यायला उठले.